एलिझआजीचं माहेर शोधणारे नाना

मंगळवार होता. आठवड्यातले दोन दिवस मला चेरीवूडच्या ऑफिसात जावंच लागतं, त्यातला तो एक. फोनवर ब्रीजचं नाव दिसलं आणि मी तो कापला. ब्रीज म्हणजे आयर्लंडातल्या आमच्या नास गावच्या लायब्ररीत दर मंगळवारी आपापल्या घराण्यांचे इतिहास खणत बसणाऱ्या म्हाताऱ्यांची म्होरकी. माझे वडील, नाना, त्या टोळीत सामील झालेले एकमेव कोल्हापूरकर. नानांचा मफलर राहिला, नाहीतर नानांनी आणलेल्या चकल्यांची कृती हवी, असल्या कारणांसाठी ती मला फोन करायची, म्हणून कापला. लगेच परत वाजला तेव्हा मीटिंगमधून उठले. ती एवढंच म्हणाली, "अनघा लव्ह, तू ये. तुझे डॅडी... तू निघच गं." एम-फिफ्टी हायवेवरून नासपर्यंतचा तो पाऊण तास मी कसा काढला, मला सांगता येणार नाही. माझा नवरा निखिल नासच्याच हॉस्पिटलात डॉक्टर आहे, तो माझ्या आधी पोचला होता. पण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नाना लायब्ररीत खुर्चीवर बसल्या जागी गेले होते. समोर कागद, चष्मा नाकावर, पेन हातात. ब्रीज रडत रडत म्हणाली, ते वाचता वाचता डुलकी घेतायत असंच आम्हाला वाटलं...

आज दीड महिना झाला. नानांवर लिही म्हणून कोल्हापूरहून चुलतभाऊ मागे लागलाय. लिहायला बसले की राग येतो. त्यांच्यावर नाही, माझ्यावर. तो का, ते ओघात येईलच.

नानांची सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. जमिनीच्या नोंदी, वारस, फेरफार. कुणाचं नाव लागलं, कुणाचं कमी झालं, यातच चौतीस वर्षं. सुट्टीच्या दिवशी माणसं विश्रांती घेतात, नाना आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायचे. मूळ पुरुषापासून आजवरच्या साऱ्या पिढ्या, कोण कुणाचा, कुठे शिकला, कुठे नोकरी. त्यासाठी ते एस्टीने गावोगाव हिंडले, पोस्टकार्डं लिहून लिहून लोकांना भंडावलं. शेवटी हिरव्या कापडी बांधणीचं ते जाडजूड पुस्तक छापून आलं, तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "सुटले बाई एकदाची!" आई गेली, माझा भाऊ, दादा, नोकरीपायी दुसरीकडे, त्यानंतर नाना खरंच एकटे पडले. मी हट्टाने त्यांना इकडे नासला घेऊन आले. पहिले तीन महिने त्यांनी मला अगदी वात आणला. हीटिंग का लावता, स्वेटर घाला की. दुपारी रस्त्यावर माणूस का दिसत नाही? माझी लेक रेवा तेरा वर्षांची आहे, तिला मराठी सगळं कळतं पण तोंडातून इंग्लिशच बाहेर पडतं, तेही इथलंच. नाना तिला म्हणायचे, "काय करालीस गं बाळा?" ती म्हणायची, "नथिंग आजोबा, आयॅम ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे नुसतं 'बरी आहे', पण नाना मला विचारायचे, "ही रोज उठून ग्रँड कशी काय असती?"

लायब्ररीचा तो गट रेवानेच शोधून दिला. कंटाळलेल्या आजोबांना शाळेच्या वाटेवर सोडून यायची तिची युक्ती. पहिल्याच मंगळवारी नाना फुलून घरी आले. आयर्लंडात माणसं ओळख झाल्या झाल्या विचारतात, तुमची माणसं कुठली? ब्रीजने तेच विचारलं होतं. "अगं अनू, इतकी वर्षं झाली, असा नेमका प्रश्न मला कुणी विचारला न्हवता बघ!" त्यांना या देशात एकदम घर सापडलं. आणि त्याच आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर त्यांच्या आजीचं नाव नीट उच्चारलं. एलिझ.

आमच्या घरात तिला लक्ष्मीआजी म्हणत. फोटो एकच, नऊवारीत, डोळे घारे. लहानपणी आम्हाला सांगितलं जायचं की ती 'बाहेरची' होती, आणि बाहेरची म्हणजे काय ते विचारायचं नाही. ती स्विस होती. धारवाडकडे मिशनच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून आलेली. माझे पणजोबा तिथे औषधं द्यायला होते. लग्न झालं, दोन्हीकडून वाळीत पडले, कोल्हापुरात येऊन राहिले. ती मराठी बोलायची ती पार कोल्हापुरी. नाना नऊ वर्षांचे असताना ती गेली. त्यांना तिचं एवढंच आठवायचं की दुपारी पोस्टमन यायच्या वेळेला ती ओसरीवर खुर्ची घेऊन बसायची. पत्र कधीच यायचं नाही. पोस्टमन पुढे गेला की उठायची, "बरं तर" म्हणायची आणि चहा ठेवायला आत जायची. "एकदा मी तिला विचारलं," नाना सांगत होते, "आजी, तुझं गाव कुठलं? तर म्हणाली, आहे रे, तिथंच आहे, ते कुठं जातंय... बास. पुढं कधी विचारलंच न्हाई."

कुलवृत्तांतात प्रत्येक सुनेपुढे तिचं माहेर छापलेलं आहे. कुणाची लेक, कुठल्या गावची. एका सुनेपुढे मात्र लिहिलंय, 'लक्ष्मीबाई, माहेर : माहिती नाही.' ते नानांनीच लिहिलं होतं. तेव्हा त्यांचे वडील हयात होते आणि वडिलांनी बजावलं होतं की त्या गोष्टीला हात लावायचा नाही. नानांनी लावला नाही. पण ती ओळ त्यांना आयुष्यभर सलत राहिली. आता युरोप हाकेच्या अंतरावर आहे म्हटल्यावर त्यांनी ठरवलं, मरायच्या आत आजीचं माहेर लावायचं. जमिनीच्या खात्यातला माणूस, त्यांच्या लेखी नाव कागदावर लागलं तरच लागलं.

तिच्या नर्सिंगच्या जुन्या दाखल्यावर जन्म बासल शहरात झाल्याचं होतं. नानांनी तिथल्या कचेरीला पत्र पाठवलं. मायना इतका लांबलचक की मी म्हटलं, नाना, हे तहसीलदारांना जात नाहीये. दोन महिन्यांनी जन्माची नोंद आली. नाव, तारीख, आईबापांची नावं. पुढे काही नाही. भावंडं किती, कुणाचं पुढे काय झालं, काही नाही. त्या शहरात या कुटुंबाचा मागमूसच नव्हता. नानांनी पुन्हा लिहिलं, तिथून पुन्हा नम्र नकार. असं वर्षभर चाललं. गंमत अशी की बापाच्या नावाशेजारी एका वेगळ्याच खेड्याचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं. आम्ही दोघांनी ते शंभरदा वाचलं. मी विचारलंही, हे काय आहे? नाना ठामपणे म्हणाले, "बदलीचं गाव असणार. नोकरी तिथं असंल त्याची." सरकारी नोकराला नावाशेजारी गाव दिसलं की बदलीच आठवते, दुसरं काही सुचतच नाही!

कोडं सुटलं ते नानांच्याच तोंडून. एका मंगळवारी ब्रीज त्यांना विचारत होती, तुम्ही कोल्हापूरचे, मग राजापूरजवळचं कुठलंसं गाव आपलं म्हणून का सांगता? नाना तिला समजावत होते. तिथे आम्ही कुणी जन्मलो नाही, सात पिढ्यांत कुणी राहिलंही नाही, तरी ते आमचं मूळ गाव. कुठेही जन्मा, कुठेही मरा, लिहायचं तेच... आणि बोलता बोलता थांबले. ब्रीज सांगते, त्यांनी कपाळावर एवढ्या जोरात हात मारला की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. घरी आले ते दारातूनच ओरडत, "अनू! अगं मूळ गाव! स्विस लोकांत मूळ गाव असतं! आपल्यासारखंच! घराणं तिथं नोंदवतात, आणि मी येडा जन्माच्या गावाला पत्रं पाठवालोय!" मी माझ्या लॅपटॉपवर शोधून बघितलं. अगदी तसंच. पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मिळणारं गाव, माणूस तिथे कधी पाऊल ठेवो न ठेवो. कुलवृत्तांत लिहिणाऱ्या माणसाला ते कळायला वर्ष लागलं. नाना इतके हसले, इतके हसले, आणि मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "खरंच की, ती म्हणाली होती, तिथंच आहे."

त्या खेड्यातल्या कचेरीने मात्र पंधरा दिवसांत उत्तर दिलं. या, वही आहे. मी चार दिवस रजा काढली. नाना कोट घालून, केसांना तेल लावून, छातीशी फाइल धरून विमानात बसले. मुलगी बघायला निघाल्यासारखे, असं मी चिडवलं त्यांना. गावाचं नाव मी इथे देत नाही, ते जिथे छापायचं तिथे छापलं जाईल. उतारावरची घरं, गोठे, एक चर्च. कचेरीतल्या बाईंनी भली मोठी वही काढून टेबलावर उघडली. जुनं वळणदार अक्षर आम्हाला ओ की ठो कळेना, त्याच वाचून इंग्रजीत सांगत गेल्या. हे एलिझचे वडील. ही आई. हा थोरला भाऊ, त्याची मुलं, त्या मुलांची मुलं. ही धाकटी बहीण. आणि ही एलिझ. तिच्या नावाखाली एक ओळ होती आणि त्या ओळीनंतर आडवी रेघ. बाई म्हणाल्या, परदेशी माणसाशी विवाह, म्हणून नागरिकत्व संपलं, गावाचा हक्कही संपला. तेव्हाचा कायदाच तसा होता, सगळ्याच मुलींना. तिचं पान इथे थांबतं.

नाना त्या रेघेकडे बघतच राहिले. ती रेघ त्यांना कुणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती. चौतीस वर्षं तसल्याच रेघा मारल्या होत्या त्यांनी. "नाव कमी केलं," ते पुटपुटले. बाहेर आल्यावर बाकावर बसले आणि हातातली फाइल त्यांनी मांडीवर आपटली. "लग्न केलं म्हणून? जित्याजागत्या माणसाचं नाव कमी? आपल्या पोटच्या पोरीचं? ती म्हातारी तिकडं पत्राची वाट बघत बसायची आणि ह्यांनी इकडं रेघ मारून वही मिटली! कसली गं माणसं ही?" एक बाई कुत्रं घेऊन चालली होती, ती थबकून बघायला लागली.

मी तेव्हा बोलले ते बोलायला नको होतं की हवं होतं, अजून मला ठरवता येत नाही. माझी जीभ आधी चालते, डोकं मागून येतं. मी म्हटलं, "नाना, आणि तुमच्या पुस्तकात माझ्यापुढे काय आहे?" मीच सांगितलं, मला पाठच होतं. "'कन्या : अनघा, विवाहित.' पूर्णविराम. दादाचं अर्धं पान आहे. त्याची पदवी, त्याची बायको, त्याची मुलं. मी इंजिनिअर झाले, परदेशात घर केलं, मला लेक झाली. माझं पान कुठे थांबतं, नाना?" ते म्हणाले, "अगं, ती पद्धतच..." आणि वाक्य तिथेच सोडलं. पद्धत होती खरीच, सगळ्याच लेकींना. त्यानंतर झुरिकपर्यंतच्या गाडीत ते सँडविच हातात धरून बसले होते, शेवटी मीच ते काढून घेतलं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. नाना मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अनू, पुरवणी काढायची." मी विचारलं, कसली? "कुलवृत्तांताची. फक्त लेकींची." आणि पुढचे आठ महिने आमच्या घरात दुसरं काही झालंच नाही. घराण्यातल्या हयात असलेल्या प्रत्येक लेकीला ते फोन करायचे. सकाळी सातला बसायचे, तिकडे दुपार झालेली असायची. आधी मोठ्या आवाजात आपली ओळख, मग प्रश्न. शिक्षण काय, काय काम केलं, मुलं किती, त्यांची मुलं. गेलेल्या लेकींच्या मुलांना शोधून काढलं. नागपूरच्या एक आत्या फोनवर रडल्या, म्हणाल्या, माझी एम.ए.ची पदवी माहेरच्या कुणाला माहीतच नव्हती रे. सांगलीच्या एकीने मात्र चांगलंच फैलावर घेतलं. "आता कशाला सुचलं? तेव्हा हात मोडले होते का लिहायला?" नानांनी निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोडलेच होते म्हणा की. आता सांगा, थोरल्या मुलीचं नाव काय?" आणि तिने सांगितलं!

सगळ्यात पहिलं पान त्यांनी एलिझआजीचं केलं. खऱ्या नावाने. आईबाप, भावंडं, आणि माहेरच्या रकान्यात ते स्विस खेडं. त्याची एक प्रत त्यांनी कचेरीतल्या त्या बाईंना पाठवली, सोबत इंग्रजी भाषांतर. आपल्या मुलीचं पुढे काय झालं ते तुमच्या वहीत ठेवा, असं लिहून. बाईंनी कळवलं की वहीत लिहिता येत नाही, पण वहीच्या पुठ्ठ्याच्या आत ठेवलंय. नाना ते पत्र आठवडाभर खिशात घालून हिंडले.

आणि मी? माझं तेव्हा ऑफिसात काहीतरी फार महत्त्वाचं चाललं होतं. काय ते आज आठवतही नाही. दिवसभर कॉल. तीनचार वेळा तरी नाना माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. हातात पेन्सिल आणि कागद. मी कानातला हेडफोन न काढताच हाताने विचारायची, काय? ते म्हणायचे, "काही न्हाई, चालू दे तुझं." एकदा तर मी चक्क म्हटलं, "नाना, रविवारी बोलू ना प्लीज." रविवारी रेवाचा खेळ होता, मग पाहुणे होते. पुढच्या रविवारी आणखी काही होतं. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. घरातलीच आहे, कधीही विचारता येईल, असं त्यांना वाटलं असणार. मलाही तेच वाटत होतं.

त्यांचे दिवस झाल्यावर मी त्यांची फाइल उघडली. एकेक लेक एकेका पानावर, तेच सुबक सरकारी अक्षर. नागपूरच्या आत्यांची एम.ए. होती, सांगलीच्या बाईंच्या चार मुली होत्या. माझं पान सगळ्यात शेवटी होतं. तारखेसकट माझा जन्म, माझ्या शाळेतल्या त्या एका बक्षिसासकट शिक्षण, माझ्या कामाचं असं वर्णन की मलाच ते नवीन वाटलं, निखिलचं घराणं, रेवा. सगळं शाईने लिहिलेलं. एकच रकाना तेवढा पेन्सिलीने भरला होता.

'मूळ गाव : अनघाला विचारणे.'

माझ्या मूळ गावाचा प्रश्न मला आजवर कुणीही विचारला नव्हता. लग्नाआधी ते राजापूरजवळचं होतं, लग्नानंतर निखिलच्या घरचं वाईजवळचं झालं, फॉर्मवर दोन्ही वेळा कुणीतरी परस्पर लिहिलं. एवढ्या मोठ्या पुस्तकात, एवढ्या पिढ्यांत, एखाद्या बाईला 'तुझं कुठलं म्हणून लिहू?' असं विचारावं असं एकाच माणसाला सुचलं, तेही अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आणि तो माझ्या दारात उभा राहिला तेव्हा मी कॉलवर होते. मला कळेना काय करावं. निखिलला विचारलं, तो म्हणाला, तुला हवं ते लिही. रेवाला विचारलं, तुझं गाव कुठलं गं? ती म्हणाली, "नास, ऑब्वियसली." मग तिने विचारलं, "व्हाय, आजोबांनी काय लिहिलं?" मी तिला ते पान दाखवलं. तिला देवनागरी सावकाश वाचता येते. तिने वाचलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

गेल्या आठवड्यात मंदारचा, माझ्या त्या चुलतभावाचा, कोल्हापूरहून फोन आला. छपाईचं सगळं तो बघतोय. "ताई, सगळं लागलंय, तुझ्या पानावर तेवढा एक रकाना राहिलाय. काय टाकू? राजापूर टाकू का वाई?"

मी म्हटलं, "नानांनी लिहिलंय तेच टाक."

"अगं, ते त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेलं असणार. चूक राहिली असं वाटेल. लोक विचारतील मला."

"विचारू देत," मी म्हटलं. "अक्षरन्‌अक्षर तसंच छाप, मंदार. त्यात काही बदलायचं नाही."

तो म्हणाला, बरं. मी फोन ठेवला, नानांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि पोटभर रडले.